अंगठा जपा, आणि फसलात तर बोला

(अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी, मंडईच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात दिलेले व्याख्यान.)



काल मंडई झाली, रात्रभर दंडार झाली, आणि तरीही आज सकाळी आपण इतक्या संख्येने येथे येऊन बसलात. तेव्हा आम्ही लांबण लावणार नाही. हलके धान घरी आले आहे, भारी धान अजून बांध्यांत उभे आहे. पंधरा-वीस दिवसांत त्याची कापणी होईल, पुंजणे लागतील, मळणी होऊन माल आधारभूत केंद्रावर जाईल, आणि पुढे केव्हा तरी चुकारे खात्यात पडतील. कास्तकाराच्या घरात रोख पैसा दिसण्याचे वर्षातले हेच काय ते दिवस. हे जसे आपणांस ठाऊक, तसेच ते चोरासही ठाऊक आहे. म्हणून हा विषय आजच घेतला.

जुना चोर रात्री खळ्यावर येत असे. त्याची चाहूल लागे, कुत्रे भुंके, शेजारी काठी घेऊन धावे. नव्या चोराची तऱ्हाच निराळी. त्यास आपल्या घरात शिरावयाचेच नसते. पैसा बँकेत, बँकेस कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली आपल्या अंगावर! आपला अंगठा, आपला पिन, आपल्या फोनवर येणारा ओटीपी, ह्या त्या किल्ल्या. ह्या तिहींपैकी एक तरी आपण हाती दिल्यावाचून बहुधा त्याचे काही चालत नाही. तो कुलूप फोडीत नाही. आपल्याच हाताने ते उघडवून घेतो. आज जेवढ्या म्हणून फसवणुकी आम्ही सांगणार आहोत, त्यांचे वरचे कपडे निरनिराळे आहेत, आतले अंग हेच आहे.

आणि ही विद्या नवी नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. बहुतेक ठिकाणी त्या लोकांची मागणी एकच होती, की आमची खते आणि रोखे बाहेर काढा. ते हाती लागले की तेथल्या तेथे जाळीत. कागदावर एवढा राग का? तर घेतले शंभर, लिहिले दोनशे, वाचून दाखविले तिसरेच, आणि खाली कुणब्याने नांगराची निशाणी केली किंवा अंगठा दिला, असा तो कागद असे. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला, की शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढे लिहिला पाहिजे आणि सावकाराने पावती व हिशोब दिला पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पुरा केला, त्यातही हेच दुखणे उघडे केले आहे, की ज्यास अक्षर नाही त्याच्या नावाने दुसराच कोणी लिहितो. आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता. इकडे कर्जाच्या तडजोडीची मंडळे नेमण्याचा कायदा व्हावयास १९३३ साल उजाडावे लागले.

आज दीडशे वर्षांनी रोखा गेला, पण अंगठा तसाच राहिला. आता तो शाईत बुडत नाही, यंत्राच्या काचेवर टेकतो. गावात बँक मित्र येतो, आधारवर पैसे काढून देतो. म्हाताऱ्या माणसांची ह्याने मोठी सोय झाली आहे, आणि बहुतेक बँक मित्र आपलेच प्रामाणिक पोरे आहेत, हे आम्ही आधी सांगून टाकतो. पण शंभरात एखादा लबाड निघतो, तो काय करतो पाहा. आजीबाई निराधारचे पैसे काढावयास येते. तो म्हणतो, “आजी, अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा.” आजी पुन्हा लावते. “सर्व्हर नाही, पुन्हा लावा.” आजी तिसऱ्यांदा लावते. पहिल्या अंगठ्यास हजार निघाले होते, ते त्याने आपल्या खिशात टाकले. तिसऱ्या अंगठ्याचे हजार आजीच्या हाती दिले. आजी त्यास आशीर्वाद देऊन घरी जाते!

ह्यास औषध अगदी साधे आहे. प्रत्येक अंगठ्याची छापील पावती मागावी, व्यवहार फसला असेल तर फसल्याची पावतीही मागावी, आणि पासबुक महिन्यातून एकदा बँकेत नेऊन भरून घ्यावे. पासबुकात दोन वेळा पैसे निघालेले दिसले तर त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्यावी. ज्यांस आधारवर पैसे काढावयाचेच नसतात, त्यांनी आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवावे. आधारच्या अॅपवर हे फुकट होते. १९४७ ह्या क्रमांकावर विचारता येते. दस्तांवरील ठशांवरून रबरी अंगठे करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत, तेव्हा ही भीती काल्पनिक नव्हे. आणि कोणी गावात येऊन “मोफत गॅस, मोफत भांडी, फक्त येथे अंगठा लावा” म्हणू लागला, तर त्यास प्रथम ग्रामपंचायतीत नेऊन बसवावे.

आता हा चोर किल्ली मागतो कशी? त्याच्यापाशी दोनच मंत्र आहेत, एक भीतीचा आणि एक लोभाचा. हे मंत्रही त्याने कोठून उचलले ते आपणांस सांगणे नको. “साडेसाती लागली आहे, शांत करा, नाहीतर घरातला कर्ता जाईल,” हा भीतीचा. “अंगणात गुप्तधन आहे, पूजेचे साहित्य आणा, पैशाचा पाऊस पाडतो,” हा लोभाचा. आपल्या बापजाद्यांची कमाई ह्या दोन मंत्रांनी किती गिळली त्याचा हिशोब नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो ह्याच करिता. ज्या घरात सत्यशोधकांचा विचार पोचला त्या घरातून पोथीवाला रिकाम्या हाताने परत जातो. पण त्याच घरातील शिकलेला मुलगा फोनवरच्या भामट्यापुढे हात जोडून बसतो, तेव्हा आम्हांस हसावे की रडावे कळत नाही. मंत्र तोच आहे हो, फक्त सोवळे उतरवून त्याने खाकी चढविली आहे!

भीतीच्या मंत्राचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे ‘डिजिटल अटक’. फोनवर चित्र येते, त्यात वर्दीतला माणूस. म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलात गांजा सापडला, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला, तुम्हांस फोनवरच अटक केली आहे, कॅमेऱ्यापुढून हलू नका, घरात कोणास सांगू नका, चौकशीपुरते पैसे ह्या खात्यात भरा. आम्ही स्पष्ट सांगतो, फोनवरून अटक करण्याची तरतूद ह्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून हीच गोष्ट देशास सांगितली.

आपण म्हणाल, असल्या थापेस बळी पडणारा माणूस अडाणीच असला पाहिजे. तर ऐका. लुधियानाचे एस. पी. ओसवाल, वर्धमान नावाच्या मोठ्या सूतगिरणी समूहाचे प्रमुख, सरकारने पद्मभूषण दिलेले गृहस्थ. २०२४ च्या ऑगस्टात भामट्यांनी त्यांस फोनवर खोटे सर्वोच्च न्यायालय दाखविले, खोटा सरन्यायाधीश बसविला, खोटा हुकूम पाठविला, आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. मग आपल्या गावचा माणूस फसला तर त्यास अडाणी म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणास? पण ह्या हकिकतीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ओसवालांनी तोंड लपविले नाही. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, खाती गोठविली गेली, आणि ७ कोटींपैकी सव्वापाच कोटी हाती लागले.

त्याशेजारी आमच्या ओळखीच्या एका कास्तकाराची गोष्ट ठेवून पाहा. नाव गाव सांगत नाही. २०२४ च्या खरिपाचे सदतीस क्विंटल धान त्याने केंद्रावर घातले. २,३०० रुपयांच्या भावाने ८५,१०० रुपये झाले, ते खात्यात पडले. आठवड्याभरात गावच्या एका व्हॉट्सअॅप गटावर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली. ती गटातल्याच एका ओळखीच्या माणसाच्या नावाने आली होती, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेला होता. आमच्या माणसाने ती उघडली, फोनने जे जे विचारले त्यास ‘हो’ म्हटले. त्या ‘हो’मध्ये आपले सर्व संदेश वाचण्याची परवानगी होती. मग ओटीपी त्याच्या फोनवर येई आणि चोर तो आपल्या फोनवर वाची. रात्री पंधरा मिनिटांत तीन खेपांनी ८२,००० रुपये गेले.

सकाळी त्यास कळले. मग त्याने काय केले? काहीच नाही. बायकोस सांगितले नाही, की ती मुलीच्या लग्नाचे विचारील. भावास सांगितले नाही, की तो हसेल. बँकेत गेला नाही, की साहेब ओरडेल. ठाण्यात गेला नाही, कारण आपल्या बापाने त्यास शिकविले होते, की शहाण्याने कोर्टाची आणि ठाण्याची पायरी चढू नये. अकरा दिवस हा मनुष्य जेवला नाही, झोपला नाही. सोसायटीचे कर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा गोष्ट बाहेर फुटली. मग बँकेत विचारले तर पैसा त्या रात्रीच चार खात्यांत वाटला गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एटीएममधून निघूनही गेला होता. आमचे म्हणणे असे, की त्याचे ८२,००० चोराने घेतले हे खरे, पण ते परत मिळण्याची जी काय आशा होती ती त्या अकरा दिवसांच्या मुकेपणाने घेतली. आणि तो मुकेपणा त्याचा एकट्याचा नव्हता. हसणाऱ्या गावाचाही त्यात वाटा होता.

म्हणून आता कान देऊन ऐका, कारण हा भाग आमच्या मते आजच्या भाषणात सर्वांत कामाचा आहे.

पैसे गेल्याचे कळताच, त्याच मिनिटाला, १९३० हा क्रमांक लावावा. सकाळची वाट पाहू नये, मास्तरांस विचारू म्हणून शाळा उघडण्याची वाट तर मुळीच पाहू नये. हा केंद्र सरकारने सायबर फसवणुकीसाठी ठेवलेला क्रमांक आहे. तेथे सांगावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. आपले नाव व फोन क्रमांक, कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून गेले, किती गेले, केव्हा गेले, आणि बँकेच्या संदेशात त्या व्यवहाराचा जो लांबलचक क्रमांक असतो तो. म्हणून संदेश पुसून टाकू नये, भामट्याचा फोन क्रमांकही पुसू नये. तेथला माणूस ही नोंद आपल्या बँकेकडे धाडतो. पैसा दुसऱ्या बँकेत गेला असेल तर नोंद त्या बँकेकडे जाते, तेथून तिसरीकडे गेला असेल तर तिसरीकडे. जेथे पैसा सापडेल तेथे तो अडवून धरला जातो. चोर पैसा पुढे पळवीत असतो आणि नोंद त्याच्या मागे धावत असते, अशी ही शर्यत आहे. आपण दहा मिनिटांनी सांगितले तर नोंद त्यास गाठते. अकरा दिवसांनी सांगितले तर ती कोणास गाठणार? अडविलेला पैसा पुढे न्यायालयाच्या हुकुमाने मूळ मालकास परत मिळतो. त्यास वेळ लागतो, खेपा पडतात, हेही खरे आहे.

फोन केल्यावर तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पुरी करावी. ते घरी जमत नसेल तर ठाण्यात किंवा सेतू केंद्रात करून घ्यावे. फोनमध्ये लबाड फाइल शिरली असेल तर त्या फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० व बँक ह्यांस कळवावे.

बँकेस लेखी कळविणे हे निराळे काम आहे, तेही त्याच दिवशी करावे. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांस हुकूम काढला त्यातले तत्त्व असे होते. चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याच्याच लबाडीने पैसे गेले, आणि आपण तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर तोटा आपल्या माथी नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल तर कळविण्यापूर्वी गेलेले आपले. पण कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे कळविल्याची वेळ हाच आपला पुरावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, तिला खर्च नाही. त्याची चौकशी १४४४८ वर होते.

ठाण्यात “हे आमच्या हद्दीत नाही, गोंदियास जा” असे कोणी म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे सांगावे, की १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे, त्यात हद्द कोणाचीही असो, फिर्याद लिहून घ्यावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर तीच हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांस डाकेने पाठवावी. कायद्याने तो मार्ग दिलेला आहे. आम्ही हे भांडण लावण्यासाठी सांगत नाही. ठाण्यातही आपलीच मुले नोकरीस आहेत, आणि पुष्कळ जण मनापासून मदत करतात. पण हक्क माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याची रीत निराळी असते, एवढे आम्ही पाहिले आहे.

आता लोभाच्या मंत्राकडे वळू. त्यात आधी आपल्या कारागीर बंधूंची गोष्ट. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, शिंपी असे अठरा धंदे तिच्यात घेतले. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची सोय आणि पहिले एक लाखाचे कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी ती योजना. तिची नोंदणी फुकट आहे. पण फोन येतो, “तुमचे कर्ज मंजूर, फाइल चार्ज २,५०० भरा.” मग विमा चार्ज, मग जीएसटी. बिचारा कारागीर तीन लाखांच्या आशेने घरचे दहा हजार घालवून बसतो. कर्ज देणारा आधी पैसे मागतो, हेच मुळी उलटे आहे! लाडक्या बहिणींच्या बाबतीतही तेच. २०२५ साली ई-केवायसी निघाली तशी खोटी संकेतस्थळे उभी राहिली. आयाबहिणींनो, कोणाही दुकानदाराने फोनवर जी पाने उघडून दिली त्यात आधार आणि खाते क्रमांक भरू नका. अंगणवाडी ताईंस विचारा. आणि एक गोष्ट पक्की गाठीस बांधा. फोनवर पैसे घ्यावयास पिन लागत नाही. पिन लागतो तो देताना. “पैसे पाठवितो, पिन टाका,” असे जो म्हणतो तो पाठवीत नसतो, नेत असतो.

दामदुप्पटवाल्यांविषयी आम्ही एक हिशोब सांगतो, तो चौथीचा पोर करील. सरकारी डाकघरात किसान विकास पत्र मिळते. २०२३ च्या एप्रिलात ठरलेल्या दराने पैसा दुप्पट व्हावयास ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक लागतात. सरकारास जे साडेनऊ वर्षांत साधते ते ह्या कोटवाल्यास दोन वर्षांत कसे साधणार? तो मागून आलेल्याचे पैसे पुढच्यास देतो, आणि मागून येणारे आटले की पळतो. पर्ल्स नावाच्या कंपनीने शेतजमिनीच्या नावाखाली देशभरातील सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले होते. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने ते परत करण्याचा हुकूम दिला, आणि परतफेडीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेने २०१६ साली माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती बसली. अशा कंपनीचा एजंट परका नसतो, हीच त्यातली ग्यानबाची मेख. तो आपला साळा असतो, जावई असतो, भजनी मंडळातला सोबती असतो. त्याने स्वतःचेही पैसे घातलेले असतात. म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहून पैसे देऊ नयेत. कागदाकडे पाहावे, आणि ठेवी घेण्याचा परवाना कोणाचा, रिझर्व्ह बँकेचा की आणखी कोणाचा, हे विचारावे. जावई रुसला तर रुसू द्यावा. फसलेल्या ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. त्याखाली संस्थेची आणि चालकांची मालमत्ता जप्त होते, पण त्यासाठीही कोणीतरी पहिला तक्रारदार पुढे यावा लागतो.

तरुण मित्रहो, आता तुमच्याशी थोडे कडक बोलतो. चोराने पळविलेला पैसा जाऊन पडतो कोठे? तो आपल्याच गावच्या पोरांच्या खात्यांत पडतो. कोणी दोस्त म्हणतो, “तुझे पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दे, महिन्याला तीन हजार देतो, तुला काही करावयाचे नाही.” पोरास वाटते, बसल्या जागी मजुरी मिळाली. पण ज्या खात्यातून चोरीचा पैसा गेला त्याच्या मालकाच्या दारात पोलीस प्रथम येतात. फसवणुकीचे जुने ४२० कलम आता ३१८ झाले आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. खाते गोठते ते निराळेच. त्यात बापाच्या धानाचे चुकारे असले तर तेही अडकतात. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपयांस फसविल्याची तक्रार दिली, आणि पोलिसांची झडती झाली ती आपल्या गोंदिया शहरातील एका घरी. कोट्यवधींची रोकड आणि सोने त्या वेळी हाती लागले. न्यायनिवाडा न्यायालय करील. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे, की ठक झारखंडात राहतो आणि आपण भोळे येथे राहतो, अशा समजुतीत कोणी राहू नये. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने कायद्याने बंदी घातली, तरी ‘टीम लावा, लाखो जिंका’ म्हणणारे अजून फोनवर आहेतच.

ह्याच जातीची एक खेडवळ चाल आहे, तीही सांगून टाकतो, मग कोणास राग आला तरी चालेल. व्यापारी म्हणतो, “तुझा सातबारा आणि पासबुक दे, माझे धान तुझ्या नावावर केंद्रात घालतो, पोत्यामागे काही तुला देतो.” आपण देतो. म्हणजे ज्याने आपल्याकडून पडत्या भावाने घेतले तोच आपल्या नावाने सरकारी भाव घेतो, केंद्राची मर्यादा भरते, आणि आपल्याच शेजाऱ्याचे धान दारात पडून राहते. चौकशी निघाली की सही आपली, खाते आपले. सातबारा हाही एक अंगठाच आहे, तो भाड्याने देण्याची वस्तू नव्हे.

काट्यातली आणि बियाण्यातली लबाडी आपणांस आमच्यापेक्षा अधिक कळते, म्हणून त्यावर थोडेच बोलतो. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू सालचा शिक्का आहे की नाही हे पाहण्याचा हक्क प्रत्येकास आहे. बियाण्याचे पक्के बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बियाणे पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे तालुक्याची समिती शेतावर येऊन पंचनामा करते. रोवणी आटोपल्यावर सांगून उपयोग नाही. पंप, फवारा, फोन, विमा ह्यांत नाडले गेल्यास १९१५ हा ग्राहकांचा क्रमांक आहे. तेथे भागले नाही तर गोंदियास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, दुकानदार मुंबईचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. बिल नसेल तर सर्व गाडे अडते. दहा रुपये कमी होतात म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेण्याची आपली खोड आहे, ती मोडली पाहिजे.

सावकाराचे म्हणाल तर तो अजून मेलेला नाही. बिनपरवाना सावकारीत जमीन लिहून गेली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो; पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि तो सावकारीचाच होता असे ठरले, तर जमीन परत मिळते. जिल्हा निबंधकाच्या कचेरीत हा अर्ज द्यावयाचा असतो.

शेवटी, गावाने काय करावे? आमची सूचना आहे की बचत गटाच्या मासिक बैठकीत दर वेळी दहा मिनिटे ह्यासाठी ठेवावी, आणि ज्यास जो लबाड फोन आला त्याने तो सर्वांस ऐकवावा. कोणी फसला असेल तर त्यास प्रथम १९३० लावून द्यावा, मग काय विचारावयाचे ते विचारावे. ज्या घरी अशी गोष्ट घडेल तेथे हसावयास कोणी जाऊ नये; दोघांनी त्याच्या बरोबर बँकेत जावे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही येथे बसतो. ज्यांस फोनवरील संदेश वाचून घ्यावयाचे असतील, तक्रार लिहून घ्यावयाची असेल, त्यांनी यावे. फक्त पिन आम्हांसही सांगू नये.

१९३०, १९१५, १४४४८ आणि पोलिसांचा ११२ असे चार क्रमांक शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. ज्या वडील माणसांस वाचता येत नाही त्यांनी ते नातवंडांकडून पाठ करून घ्यावे. चौथीच्या मुलांचे ते आधीच पाठ झाले आहेत.